चार पेऱ्यांचा हुरडा

यंदा मी हुरड्याची ज्वारी चार वेळा पेरली. एकाच रानात, एकाच बांधाच्या आत, मागंपुढं चार पेरे. तेव्हापासून गावात ज्याला त्याला माझी काळजी वाटायला लागली. शेजारच्या रानातला पंडित तर बांधावर येऊन मला खालून वर निरखायचा आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारायचा. तब्येतीला काय धाड भरली होती? पण खरं कारण सांगितलं असतं तर त्याने मला धरून दवाखान्यातच नेलं असतं. म्हणून जनावरांना ओला चारा लागतो असं काहीबाही सांगून मी त्याला वाटेला लावायचो.

ज्यांनी हुरडा फक्त ताटलीत बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीचं कणीस हुरड्यात असतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. त्याच्या आधी दाण्यात नुसतं दूध, आणि नंतर दात लावला तर दातच हलतो. मधल्या त्या थोड्या दिवसांत कणीस विस्तवात भाजलं आणि गरम असतानाच तळहातावर मळलं की हिरवे, गोड, वाफाळते दाणे सुटून येतात. हुरडा कुणासाठी थांबत नाही. मग ज्याच्या येण्याचा नेम नाही अशा पाहुण्यासाठी हुरडा ठेवायचा कसा? तर चार तास, म्हणजे चार ओळी, आज पेरायच्या, चार तास थोड्या दिवसांनी, आणखी चार त्याच्यानंतर. एक पट्टा निबर झाला की दुसरा हुरड्यात यायला हवा. ही अक्कल माझी बायको पारूबाई हिची. तिफण मात्र माझी, आणि खुळ्यात निघालो तो पण मीच.

पाहुणी होती पाच वर्षांची एक पोरगी. तिचं नाव संघमित्रा, पण तिला सगळे मितू म्हणायचे. ती आमची कुणी नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक दहा वळसे घेऊन शेवटी तिथंच येतात.

मितूची आई तेजश्री आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्सबाई होती. तिथली सरकारी खोली पावसाळ्यात गळायची, म्हणून ती आमच्या पुढच्या खोलीत राहायला आली. नवरा अंगद अंबाजोगाईला नोकरीला, तो रविवारपुरता यायचा. मितू तेव्हा नुसती रांगत होती. तेजश्री लसी टोचायला वस्त्या-वस्त्यांवर हिंडायची, बाळंतिणींना गाडीत घालून वडवणीला न्यायची, आणि पोर दिवसभर आमच्याकडं. ती चालायला शिकली पारूचा पदर धरून आणि बोलायला शिकली माझं ऐकून. त्यामुळं मी बायकोला जशी हाक मारतो तशीच तीही मारायची, आणि सारं गाव मला जशी हाक मारतं तशीच मलाही. दीड हाताची पोर अंगणातून ओरडायची, पारू पाणी दे, आश्रुबा चल बे. तेजश्री लाजेने अर्धी व्हायची, तिला दटावायची, मोठ्या माणसांना असं म्हणतात का म्हणून डोळे वटारायची. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. उभ्या गावात मला 'बे' म्हणणारं बाईमाणूस तेवढं एकच होतं आणि मला त्याचा गर्व होता.

तिचे आमच्याकडं तीन हिवाळे झाले. सकाळी तांबडं फुटायच्या आधी पारू उठायची आणि अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची शेकोटी करायची. लुगड्यावरून माझा जुना लांब बाह्यांचा सदरा घालायची, आणि कानाला वारा नको म्हणून माझाच रुमाल डोक्याला करकचून बांधायची. त्या अवतारात ती बाई वाटायची नाही की गडी वाटायची नाही. मितू झोपेतून उठली की चादरीसकट तशीच फरफटत यायची आणि तिच्या मांडीत शिरायची. विस्तवात काडी घालायचा मान मितूचा. एका वेळी एकच काडी, आणि ती पेटेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा तिचा कायदा. मी बोललो की माझी काडी बंद.

ऊन चढलं की रानात. हरभऱ्याचे हिरवे डहाळे उपटून ते जाळावर धरायचे आणि काळे झालेले घाटे सोलून खायचे. त्याला आम्ही हुळा म्हणतो. हुळा खाऊन तिघांची तोंडं अशी व्हायची की तेजश्री दुपारी आली की आधी हसायची आणि मग रागवायची. बांधावरच्या बोरीखाली मितू बोरं वेचायची, चांगली पारूच्या ओट्यात टाकायची आणि किडकी नेमकी माझ्या हातावर ठेवायची. संक्रांतीला तेजश्रीला पोरीचं बोरन्हाण करायचं होतं. आमच्यात ते करत नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली बोरन्हाण कसं काय, असं मी आपलं म्हणून बघितलं. पारू म्हणाली, पोराच्या डोक्यावर बोरं टाकायला कुणाची परवानगी लागती. मग बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा असं सगळं तिनेच पोरीच्या डोक्यावरून ओतलं, आणि गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडली. मितूही उठून त्यांच्यातच घुसली आणि स्वतःच्याच बोरन्हाणातली बोरं लुटायला लागली.

आणि हुरडा. आगटीत गोवऱ्या फुलल्या की मी कणसं भाजायचो आणि पारू मळायची. हात पोळायचे, पण तिची चाल कमी व्हायची नाही. मळून झालं की फुंकर मारून कोंडा उडवायची आणि तळहात मितूपुढं धरायची. पोर त्या तळहातावरच तोंड टेकवायची. ताटलीत दिलेला हुरडा तिने कधी खाल्ला नाही. खाताना मध्येच ती माझ्या दाढीच्या खुंटांवर हात फिरवायची आणि म्हणायची, आश्रुबा टोचतो. मी आठवड्यातून एकदा दाढी करतो, त्यामुळं मी नेहमीच टोचत असे.

मग तेजश्रीची विनंती बदली झाली. तिचं नवऱ्याजवळ जाणं रास्तच होतं, त्यात कुणाला काय म्हणायचं? टेंपोत सामान भरलं, मितू पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं म्हणून खुशीत होती. तेजश्री पारूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, हुरड्याला येतो आम्ही."

आमच्याकडं असं म्हणायची रीतच आहे. उन्हाळ्यात म्हणतात आंब्याला येतो, हिवाळ्याआधी म्हणतात हुरड्याला येतो. त्याचा अर्थ एवढाच, की बरं आहे, निघतो. हे मला कळतं, पंडितला कळतं, अख्ख्या बीड जिल्ह्याला कळतं. पारूला कळत नव्हतं असं नाही. पण तिने ते ऐकलं आणि धरून ठेवलं.

पहिल्या हिवाळ्यात हुरडा नेहमीसारखा एकदाच आला. पारूने फोन लावायला लावला. तेजश्री म्हणाली, आत्ता रजा नाही, महिनाअखेरीला नक्की येते. पारू खरं बोलणारी बाई. ती म्हणाली, तवर हुरडा सरंल की गं. तेजश्री म्हणाली, मग राहू द्या आई, पुढच्या वर्षी येऊ. एवढं बोलून तिने फोन ठेवला. बोलणं सरळ होतं, त्यात काही वाकडं नव्हतं. पण त्या दिवशी पारू चुलीपाशी नुसती बसून राहिली. संध्याकाळी मी जनावरं बांधून आलो तेव्हा मला म्हणाली, "मी कावून बोलले हुरडा सरंल म्हून? न्हाई बोलले असते तर ती आली असती."

मी म्हणालो, अगं, हुरड्याचं काय घेऊन बसलीस, आपण जाऊन भेटून येऊ. अंबाजोगाई काही विलायतेत नाही. धारूरला गाडी बदलली की झालं. ती म्हणाली, जाऊ. पण आम्ही गेलो नाही. जनावरं कुणावर टाकायची हा एक प्रश्न होता, आणि खरा प्रश्न दुसराच होता. दार उघडायला तिची सासू आली आणि कोण पाहिजे म्हणाली, तर काय सांगायचं? नातेवाईक म्हणायचं तर नातं नाही. घरमालक म्हणायचं तर घर त्यांनी कधीच सोडलंय. बोलावल्याशिवाय जायला आपण कुणीतरी लागावं लागतं. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

यंदा पाऊस उघडल्यावर मी पेरणीची तयारी करत होतो, तेव्हा पारू रानात आली आणि म्हणाली, एकदम पेरू नका. तिने मला सगळा हिशेब समजावून सांगितला. डिसेंबर लागल्यापासून ते पार फेब्रुवारी निम्मा होईपर्यंत ह्या रानात कुठं ना कुठं हुरडा असला पाहिजे. म्हणजे ते कधीही येतो म्हणाले तरी आपल्याला या म्हणता येईल. मी तिला म्हणालो, उशिराच्या पेऱ्याला माशी लागते, कणसं मुठीएवढी पण व्हायची नाहीत. ती म्हणाली, पोरीची मूठ केवढी हाय? मी चडफडत पेरलं. चडफडत पेरलं असलं तरी एक तास वाकडं जाऊ दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पहिला पट्टा डिसेंबरात हुरड्यात आला. फोन केला तर तेजश्रीची कसलीशी मोहीम चालू होती, सुट्ट्या बंद. दुसरा पट्टा आला तेव्हा मितूच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि ती फुलपाखरू होणार होती, रोज तालीम. तिसऱ्याच्या वेळी तेजश्रीच्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. तिन्ही कारणं खरी होती. तेच वाईट होतं. खोटी असती तर निदान राग तरी काढता आला असता. दर वेळी पारू फोनवर म्हणायची, असू दे बाई, हुरडा हाय अजून, सवडीनं या. फोन ठेवला की पुढच्या पट्ट्याकडं जाऊन कणसं चाचपून बघायची.

मी रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं उडवायचो. आजूबाजूच्या रानातला हुरडा संपत आला तसा पाखरांनी आमचाच पत्ता पाठ केला. घसा फाटेस्तोवर हाळ्या घालायच्या आणि कुणासाठी, तर ज्याचा येण्याचा भरवसा नाही त्याच्यासाठी. मला माझाच संताप यायचा. पंडितला एक दिवस हुरडा खाऊ वाटला. पारूने त्याला चालू पट्ट्यातला वाटेल तेवढा खायला घातला, पण पुढच्या पट्ट्यातल्या एका कणसाला हात लावू दिला नाही. तेव्हा त्याला काय ते समजलं. त्यानंतर त्याने माझ्या तब्येतीची चौकशी बंद केली. एका संध्याकाळी आपला मोठा फोन घेऊन आला आणि म्हणाला, यात माणूस दिसतं, लावून देतो. लावला. मितूचं कपाळ दिसलं, मग छत दिसलं, मग पंखा. पारू फोनच्या पार जवळ तोंड नेऊन मितू मितू करत होती, म्हणजे तिकडं त्यांना पारूचं नाकच दिसलं असणार. मग रेंज गेली. पारू म्हणाली, केस लई वाढल्यात पोरीचे.

चौथ्या पट्ट्याची कणसं खरंच बारकी निघाली. ती हुरड्यात आली आणि फोनही आमचा नाही, तेजश्रीचा आला. रविवारी येतोय, मी आणि मितू, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. पारूने मला तीनतीनदा विचारलं की नक्की रविवारच म्हणाली ना.

मग आम्ही तयारीला लागलो, आणि सगळं तिथंच चुकलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्यासारखी माणसं जे करतात ते सगळं आम्ही केलं. घर सारवलं. पंडितच्या घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, स्टीलच्या नव्या ताटल्या काढल्या, चमचे आणले. अंगणात शेकोटीची काळी खूण होती, ती पारूने शेणाने झाकून टाकली, अंगण कसं स्वच्छ दिसायला पाहिजे म्हणाली. मी वडवणीला जाऊन केस कापले आणि गुळगुळीत दाढी करून आलो. धुवट पांढरा सदरा, नवी टोपी. पारूने पुतण्याच्या लग्नातली जांभळी रेशमी साडी काढली, केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला. मला म्हणाली, आता ती नोकरदार घरची पोरगी हाय, आपण बावळ्यासारखं दिसू नये. मी तिच्याकडं बघितलं आणि मलाही ते पटलं. ती छान दिसत होती. हुरडा भाजायला, मळायला पंडितला सांगितलं, म्हणजे आम्हाला पाहुण्यांपाशी बसता येईल.

फाट्यावर गाडीतून आधी तेजश्री उतरली, मागं मितू. अंगात गुलाबी जाकीट, पायात बूट, दोन वेण्या. पोर उंच झाली होती. तेजश्रीने जयभीम केला, पारूच्या गळ्यात पडली, आणि मग पोरीला पुढं करून म्हणाली, "मितू, आजी-आजोबांना नमस्कार कर."

मितू वाकली, दोघांच्या पायांना हात लावला. "नमस्कार आजोबा," ती म्हणाली. स्पष्ट, शाळेत शिकवल्यासारखं.

कुणीतरी आजोबा म्हणावं म्हणून माझा जीव किती वर्षं तरसला असेल ते मी सांगत बसत नाही. पण त्या क्षणी ते ऐकून मी नुसती टोपी सारखी केली. आजोबा तर मला गाडीत जागा देणारी कुणाचीही पोरं म्हणतात. मी वाट बघत होतो ती आश्रुबा म्हणण्याची, आणि अगदी खरं सांगायचं तर 'चल बे' म्हणण्याची. पारूने माझ्याकडं बघितलं. ती हसतच होती.

दिवस चांगला गेला, असंच म्हणावं लागेल. रानात सतरंजी अंथरली होती. पंडितने आगटी फुलवली, भाजलं, मळलं, आणि पारू ताटल्या भरून देत होती. साडीला ठिणगी लागेल म्हणून विस्तवापासून चार हात लांब बसली होती. गूळ होता, शेंगदाण्याची चटणी होती, घट्ट दही होतं. तेजश्रीने पोटभर खाल्लं आणि दोनदा डोळे पुसले, धुराने म्हणाली. मितूने ताटलीत चमच्याने खाल्लं, आवडलं म्हणाली, थँक्यू आजी म्हणाली. हट्ट नाही, रडणं नाही. एवढी शहाणी पोर मी बघितली नाही, आणि मला ती शहाणी नको होती. मला किडकी बोरं हातावर ठेवणारी हवी होती.

जेवण झाल्यावर ती एकटीच हिंडत होती. घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत डोकावली, मागच्या दाराने गोठ्यात गेली, तिथून परसात. परत येऊन अंगणात उभी राहिली आणि सारवलेल्या भुईकडं बघत राहिली. पारू मला हळूच म्हणाली, जागा ध्यानात यायलीय वाटतं तिच्या. पारूला तिला मांडीवर घ्यायचं होतं. मला ते दिसत होतं, दिवसभर तिचे हात पुढं येत होते आणि मागं जात होते. पण पोर आपणहून येईपर्यंत ओढायची नाही, असं तिने ठरवलं होतं. पोर आपणहून आली नाही. ती आईच्या शेजारी बसून राहिली.

ऊन उतरल्यावर आम्ही चौघं फाट्यावर आलो. पारूच्या हातात पिशवी, तिच्यात उरलेली कणसं, बोरं, डहाळे. गाडीची वाट बघत उभे होतो. तेजश्री सासऱ्यांच्या तब्येतीचं सांगत होती. मध्येच मितूने आईचा हात ओढला आणि विचारलं, "मम्मी, आता पारूकडं जायचं ना?"

तेजश्रीला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, अगं, दिवसभर पारूकडंच तर होतो आपण. ही काय पारू, हे काय आश्रुबा. मितूने मान वर करून पारूकडं बघितलं. जांभळ्या साडीपासून तेल लावलेल्या केसांपर्यंत सावकाश बघितलं. माझ्याही तोंडाकडं बघितलं. मग तिने मान हलवली.

"या आजी आहेत," ती म्हणाली. "पारू शेकोटीपाशी असते."

ती रागावली नव्हती, रडत नव्हती. मोठी माणसं कधी कधी चुकतात तसं आईचं चुकलंय, आणि आपण ते नीट करून सांगतोय, एवढंच. तेजश्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती म्हणाली, ती रोज विचारते हो आई, पारूकडं कधी जायचं, रोज झोपताना विचारते. मीच तिला आजी-आजोबा म्हणायला शिकवलं, नाव घेतलेलं बरं दिसत नाही म्हणून. पुढं ती आणखी काहीतरी सांगत होती, पण गाडी आली. कंडक्टर घाई करायला लागला. पारूने पोरीकडं हात केला, पण हातात पिशवी होती, ती तिने आत दिली. दार लागलं. मितू खिडकीशी बसली आणि आम्हाला टाटा केला, जसा कुणालाही करतात तसा. मग गाडीच्या मागच्या बाजूला, रानाकडं, मान वळवून बघत राहिली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही उभेच होतो.

मला वाटलं पारू तिथंच खाली बसेल. ती चालायला लागली. थोडं चालल्यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने रेशमी पदराने डोळे पुसले. "इसरली न्हाई बगा," ती म्हणाली. "शेकोटी सुदिक ध्यानात हाय तिच्या."

मला राग आला होता साडीचा, माझ्या दाढीचा, पंडितच्या खुर्च्यांचा, सारवलेल्या अंगणाचा. पोर दिवसभर आम्हालाच शोधत होती. खोलीत, गोठ्यात, परसात. आणि आम्ही दोघं तिच्यासमोर पाहुण्यांसारखे सजून बसलो होतो. ती आम्हाला विसरली असती तर मी कधीतरी सावरलो असतो. पण तिला आमची आठवण होती, तिलाही आमच्याकडं यायचं होतं, आणि ती येऊनही पोचली नाही. हे मी कुणाला सांगणार?

"फुडल्या साली मी ही साडी नेसत न्हाई," पारू म्हणाली. "तुमी बी दाढी करू नका."

मी बरं म्हणालो. पुढच्या साली ती सहा वर्षांची होईल. तोवर आईने तिला पुन्हा पुन्हा समजावलं असेल की त्या आजी म्हणजेच पारू, आणि पोर शहाणी आहे, ती ते पाठ करून टाकेल. मग तिच्या डोक्यातली ती शेकोटीपाशी बसणारी पारू कुठं जाईल? हे मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, पारू माझ्याइतकीच जुनी आहे.

घरी आल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी जनावरांना वैरण टाकली, पंडितच्या खुर्च्या परत देऊन आलो. येऊन बघतो तर तिने अंगणात मधोमध, सारवलेल्या भुईवरच, पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. अंगात माझा जुना सदरा, डोक्याला रुमाल. थंडी आता तेवढी राहिलेली नव्हती, फेब्रुवारी अर्धा सरला होता. तिने मांडी घातली होती आणि विस्तवात काडी टाकून ती पेटायची वाट बघत होती. गाडी धारूरच्या आसपास असेल, मी मनात म्हणालो.

मी तिच्याशेजारी बसलो आणि ती काडी पेटेपर्यंत काही बोललो नाही.